सारवणावरचे पाय

पाळी गाव, नोव्हेंबर १९८७. सोमवार, दिवेलागण.

सकाळी पडवी सारवून हात धुते तोच खोली बघायला सावंतवाडीकडचा ट्रक ड्रायव्हर आणि त्याची बायको आली. मागून कुत्रा. ओल्या सारवणावर त्याचे पाय उठले. मी भडकलेच. "कुत्रो नाका हांगा!"

ड्रायव्हर म्हणाला, "कुत्र्याक सोडतंय बाजारात."

बायको म्हणाली, "मगे खोलीच नको आमका," आणि कुत्र्याला घेऊन चालू लागली.

दिवसभर ते पाय डोळ्यांसमोर. एवढं चिडायला काय झालं होतं मला?

संध्याकाळी त्यावर शेणाचा हात फिरवायला बसले, तर ते पाय उंबरठ्यापाशी थांबलेले. आत एकही नाही. मागचे भाडेकरू चपलांसकट देवघरापर्यंत यायचे!

सकाळी पोदेर पाव घेऊन येईल. ड्रायव्हर आणि त्याची बायको सध्या उतरलीत त्या वाड्यावरही तो जातो. निरोप धाडते, खोली दिली म्हणून. तिघांना.