कुबेरआजोबांचा पसारा

सोमवार, २ मार्च

परत तेच! दुपारी गर्दी झाली की उत्तरेच्या खोऱ्याचा सर्व्हर मान टाकतो. आमच्या ऑनलाइन गेममधले बाकीचे सगळे प्रदेश ठणठणीत, मी सांभाळते त्यांतला हाच एक आडमुठा. एका खेळाडूने तक्रारीत लिहिलंय — 'तलवार उपसली, जेवून आलो, तरी ती म्यानातच!' मोठ्याने हसले आणि दाखवायला शेजारी वळले. शेजारी भिंत. ऑफिस बंद करून सगळ्यांना घरून काम दिलं त्याला वर्ष झालं, तरी मान वळायची थांबत नाही.

मंगळवार, ३ मार्च

सापडलं! एकच घर आहे. त्याच्या जमिनीवर अकरा हजारांवर वस्तू पसरल्यात — बूट, ढाली, फुटकी शिरस्त्राणं, पळ्यासुद्धा. लढाईनंतर लोक ओझं नको म्हणून जे टाकून देतात, ते हा गडी उचलून आणतो आणि मांडून ठेवतो. पेटीत ठेवलं असतं तर काही बिघडत नव्हतं. बंद पेटी म्हणजे सर्व्हरच्या हिशेबी एकच वस्तू. पण उघड्यावरची एकेक चीज खोऱ्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दाखवावी लागते. तोंडाला फेस येणार नाही तर काय!

खेळाडू त्याला कुबेरआजोबा म्हणतात. साहेबांना फोन केला. "पुसून टाक ते घर. शुक्रवारपर्यंत." मी म्हटलं, आधी बोलून बघते, ते स्वतःच आवरतील. "बघ. पण कंपनीची आहेस हे कळू देऊ नकोस. बोभाटा नको."

संध्याकाळी शेजारीण पार्सल न्यायला आली. ती कामावर असते म्हणून कुरिअरवाला माझ्याकडे देऊन जातो. दार उघडलं, पार्सल दिलं, "थँक्यू हं" — दार बंद. दिवसभरात समोर आलेलं एकच माणूस, आणि मी काय बोलले? "हं." शाबास.

बुधवार, ४ मार्च

साधी खेळाडू बनून आजोबांकडे गेले. निमित्त काय सांगावं ते ठरवलंच नव्हतं. जे सुचलं ते टाइप केलं — माझा कंदील हरवलाय, तुमच्याकडे आलाय का?

"असेल की. शोधावा लागेल. बस जरा."

बसले. मधेच एक जण डाव्या पायाचा बूट मागायला आला, शिव्या देतच. बूट दारातच पडला होता, मला दिसत होता! आजोबा मात्र घरभर फिरले. फिरता फिरता त्याची परीक्षा कधी, अभ्यास झाला का, सगळी चौकशी केली. मग सावकाश दाराशी येऊन बूट उचलून दिला. शिव्या देत आलेला मुलगा "येतो आजोबा" म्हणून गेला.

मग माझ्याकडे वळले. जेवलीस का? काय जेवलीस? नुसता ब्रेड? हे काय गं जेवण! — एकेक अक्षर शोधत टाइप करतात. मीही वाट बघत बसले. दुपार कुठे गेली कळलं नाही.

कंदील अर्थातच सापडला नाही. "उद्या ये. मागच्या खोलीत बघतो."

गुरुवार, ५ मार्च

मागची खोली झाली. कंदील नाही. आडून आडून पेट्यांचा विषय काढला.

"पेटीत घातलं की दिसत नाही, पोरी. दिसलं नाही तर मागायला कोण येणार? परवा एक बाई नुसती भांडायला आली होती, तुमच्यामुळे माझा घोडा जागचा हलत नाही म्हणून. चांगली तासभर बसली."

आजोबांचा मुलगा लांब असतो. त्यानेच हा गेम लावून दिला — म्हणाला, बाबा, आपण रोज इथे भेटू. महिन्याभरात स्वतः कंटाळला. आजोबा राहिले.

आणि मी उद्या हे घर पुसणार. सांगायचं होतं, बोटं रेटली नाहीत. साहेबांकडून मुदत वाढवून घेतली. "सोमवार सकाळ. मग मी स्वतः पुसतो."

शुक्रवार, ६ मार्च

गेले नाही. भित्री कुठली.

शनिवार, ७ मार्च

सांगून टाकलं. मी कंपनीची माणूस आहे, कंदील-बिंदील काही हरवला नाही, सोमवारी हे घर रिकामं करणार आहेत, पेट्यांत भरलंत तरच वाचेल. एका दमात टाइप केलं आणि डोळे मिटून घेतले.

मग एक डोळा किलकिला केला. वाटलं, गेले उठून. मग अक्षरं उमटली.

"ठाऊक होतं. या खोऱ्यात कंदील मिळतच नाही कधी."

कपाळावर हात मारला! सर्व्हर मी सांभाळते आणि त्यात काय मिळतं याचा मला पत्ता नाही! विचारलं — मग इतके दिवस शोधत काय होतात?

"तू बसली होतीस ना."

उठून पाणी प्यायले. मग रडले. इथे कोण बघतंय, लिहिते — खूप रडले.

रविवार, ८ मार्च

आजोबा पेट्या भरायला तयार झाले. एकट्याने व्हायचं नाही म्हणून खोऱ्यात निरोप फिरवला. घोडावाली आली, बूटवाला आला, तक्रारी करणारे झाडून सगळे आले. इतकी गर्दी की सर्व्हर पार आडवा! एक ढाल उचलायला पाच मिनिटं. साहेबांचे फोनवर फोन. मी घेतलेच नाहीत.

आजोबा सगळ्यांना विचारत होते, जेवलात का?

सोमवार, ९ मार्च

खोरं लोण्यासारखं चालतंय. साहेब खूश. एकही तक्रार नाही.

दुपारी डोकावले. भिंतीला लागून पेट्या, मधली जमीन मोकळी, आजोबा एकटेच उभे. "सगळं कसं नीट झालं. कोणी फिरकलं नाही सकाळपासून." मी म्हटलं, मी येत जाईन. "सगळे असंच म्हणतात गं."

माझी खोली बघितली. हीपण नीटच आहे. कुणाचं काही नाही इथे, कुणी मागायला यावं असं.

मंगळवार, १० मार्च

गेले होते.

गुरुवार, १२ मार्च

आजही गेले. घोडावालीही आली होती, भांडण नसताना! आजोबांनी आम्हाला दोघींना ताटकळत बसवून एक पळी शोधली. कुणाची, विचारलं तर सांगेनात.

एक खुर्ची मागवली. कशाला, विचारू नये.

शनिवार, १४ मार्च

बेल वाजली. शेजारीण, पार्सलसाठी. पार्सल दारातच, चपलांच्या कपाटावर.

म्हटलं, "कुठे ठेवलं गेलंय कोण जाणे. शोधावं लागेल. बसा ना जरा."

तिने पार्सलकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. चपला काढल्या आणि आत येऊन बसली.