चौकातल्या फलकावरून भावाचा चेहरा न उतरवण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
जाहिरात फलक विभाग,
नगरपालिका कार्यालय.

विषय: फलक उतरवण्याचा मंजूर झालेला अर्ज नामंजूर करून मिळणेबाबत.

संदर्भ: आपले कालचे मंजुरीपत्र, "उद्या दुपारी कामगार पाठवून फलक उतरवण्यात येईल."

महोदय,

अर्जदाराची मागणी आपण मान्य केलीत, त्याबद्दल आभार. ती आता मान्य करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. असा अर्ज आपल्याकडे पहिल्यांदाच येत असेल, म्हणून हकीकत मांडणे भाग आहे.

१. अर्जदार ही घरी पडदे शिवणारी बाई असून फलकावर हसणारा इसम तिचा सख्खा धाकटा भाऊ आहे. तो साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होता. मनाच्या आजारात ते काम सुटले. पुढे मानसिक आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक बाईंमुळे आणि औषधांमुळे तो पुष्कळ सावरला. पुष्कळ, पूर्ण नव्हे.

२. केंद्राला टाळे लागायची वेळ आली तेव्हा त्याच साबण कंपनीने मदतीचा हात पुढे केला. अट एकच, बऱ्या झालेल्या एका माणसाचा चेहरा हवा. बाई घरी आल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "नाही म्हणालात तरी मला राग नाही. पण मग केंद्र चालणार नाही." केंद्र गेले की गोळ्याही गेल्या. अडला हरी म्हणून भावाने संमतीपत्रावर सही केली. म्हणीतला पुढचा प्राणी कोण, हे सरकारी कागदावर लिहिणे शोभत नाही.

३. फलक लागला. भाऊ दोन मजले उंच झाला. खाली अक्षरे आली, "मी आता पूर्ण बरा आहे." हे वाक्य तो कधी बोलला नव्हता, पण वाचून त्याला पटले. "बऱ्या माणसाला गोळ्या कशाला, ताई?" म्हणून त्याने औषध बंद केले. एवढ्या मोठ्या अक्षरांपुढे बहिणीचे कोण ऐकतो? तो फलकातल्यासारखाच भांग पाडू लागला, तोच निळा शर्ट रोज धुऊन ओलाच घालू लागला. फलकाचा कागद गालापाशी सुटला, तर याने स्वतःच्या गालाला चिकटपट्टी लावली. जेवायला बोलावले की म्हणतो, "वरच्याला कुठे भूक लागते?"

४. अर्जदार कंपनीच्या जनसंपर्क साहेबांना भेटली. मदतच करायची तर बाईंचा पगार द्या, औषधे द्या, आणि भावाला पुन्हा पॅकिंगचे अर्ध्या दिवसाचे काम द्या, चेहरा कशाला टांगता, असे तिने विनवले. साहेब हसून म्हणाले, "अहो, अशा माणसाला मशीनजवळ कसं उभं करायचं?" भिंतीवर "पूर्ण बरा" आणि दारात "असा माणूस"! भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाल्याने अर्जदाराने आपल्याकडे पहिला अर्ज केला होता.

५. काल आपले पत्र आले. भावाने ते वाचले, घडी घालून ठेवले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. "बरं झालं. वरचा उतरला की माझंही काम संपलं," एवढेच म्हणाला. आज सकाळी हातातले घड्याळ शेजाऱ्यांना देऊन तो घराबाहेर पडला.

६. सध्या तो फलकाच्या लोखंडी शिडीने वर जाऊन स्वतःच्या हनुवटीखालच्या फळीवर बसला आहे. अग्निशमन दलाला कळवले असून भोंगा न वाजवता यावे, असे सांगितले आहे. बाईंचा फोन लागत नाही. अर्जदार शिडीच्या पायथ्याशी बसून, मांडीवर कागद धरून लिहीत आहे. अक्षर हलले असेल तर क्षमा असावी. समोरच्या दुकानदाराच्या हाती अर्ज पाठवत आहे.

तो वरून सारखा विचारतो, "ताई, माणसं किती वाजता येणार?" अर्जदार दर वेळी सांगते, "आज सुट्टी आहे रे त्यांना."

तरी कामगार पाठवू नयेत. आपल्या गाडीने बाईंना केंद्रातून घेऊन यावे. आणि अर्जदाराला आजचा दिवस तरी खोटे पाडू नये.

आपली नम्र,
(सही)
फलकावरच्या माणसाची थोरली बहीण

दिनांक: आजचा

प्रत माहितीसाठी: जनसंपर्क साहेब, साबण कंपनी. (कृपया फोटोग्राफर पाठवू नये.)