गळती बुजवल्याचे दुष्परिणाम

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (वाकूनच लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.) तुमची पाठ कशी आहे? ताईचे गुडघे? गुरुवारी तुम्ही कारखान्यातून न जेवता तरातरा निघालात, त्यावरून पाठ बरी असावी असा अंदाज आहे.

आता मुळापासून सांगतो. आपले पत्र्याचे डबे घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाने फर्मान काढलं, की एका डब्यामागे किती कार्बन सोडता ते कळवा आणि कमी करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. मी कळवलं, आम्ही डबे रिकामेच पाठवतो, आत कार्बन वगैरे काही घालत नाही. त्यावर त्यांनी एक बाईच पाठवल्या. कारखान्या-कारखान्यांत हिंडून वीज वाचवायला शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. (आपल्या माणसांनी पहिल्याच दिवशी त्यांना मीटरबाई नाव ठेवलं. बाईंना ते कळलं आणि आवडलं, त्यामुळे सगळ्यांचा विरस झाला.) मला वाटलं, दिवे मोजतील, चहा घेतील, जातील. त्यांनी चहा नाकारला आणि बादलीभर साबणाचं पाणी मागितलं. दाबलेल्या हवेच्या पाइपांना जिथे जिथे ते लावलं, तिथे तिथे फुगे! फिटरकाकांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून जी मलमपट्टी केली होती, तिच्यातून तर वाढदिवसाला शोभतील असे. शेडभर जो 'स्स्स' आवाज यायचा तो मला कारखाना जोरात चालल्याचा वाटायचा. तो आपली वीज वाया चालल्याचा निघाला. हवा दाबणारा कंप्रेसर जेवणाच्या सुट्टीतही चालू, कारण माणसं त्या हवेने मानेवरचा घाम वाळवायची. (मीही वाळवायचो. फार सुख असतं हो.) बाईंनी गळत्या बुजवल्या, सुट्टीत कंप्रेसर बंद करायला लावला, आणि वीजबिल खरंच उतरलं.

इथेच माशी शिंकली. त्या आवाजापायी आम्हा सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. गुरुवारी सुट्टीत मी केबिनमध्ये हिशेबनिसाशी नेहमीच्या आवाजात, नेहमीच्याच विषयावर बोलत होतो. बाहेर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, हातातला घास हातातच धरून बसलेली माणसं, आणि ही सुधारणा बघायला मुद्दाम आलेले तुम्ही.

"दाजी कारखान्यात येतात ते झोपायला. उठले की सल्ला देतात. त्यापेक्षा झोपलेले परवडतात," असं मी म्हणालो, नाकारत नाही. पण दाजी, हेच मी इतकी वर्षं रोज म्हणत आलो, आणि आपले संबंध किती गोडीचे होते! दोष असलाच तर वीजबचतीचा आहे. तरीही तुम्ही उघडलेला डबा तसाच टाकून गेलात, ते बघून मलाही घास गेला नाही, वाईट वाटलं. मोठेपणाने पोटात घाला.

आपला,
(यापुढे हळू बोलणारा) मेहुणा

ता. क. : मीटरबाई म्हणतात, जुना कंप्रेसर काढून नवा घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाने मागितलेला आकडा गाठता येणार नाही, आणि ऑर्डर हातची जाईल. भागीदार म्हणून तुमची सही लागते. कागद सोबत आहे. सही जिथे करायची तिथे खूण केली आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ताईचा फोन आला. घाबरून मी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. माझी तिन्ही वाक्यं तिने मला पुन्हा म्हणायला लावली आणि चौथं स्वतःचं जोडलं. ते इथे लिहीत नाही, कारण मला सही हवी आहे.