दसऱ्याची होडी

प्रिय दादा,

तू जहाजावर नोकरीला गेल्यापासून आपली होडी रोशनीवहिनी चालवते. दसऱ्याला बाबांनी पाटावर तिचं वल्हं मांडलं आणि शेजारी माझं पदवीचं प्रमाणपत्र. दोन्हींवर झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन आम्ही तिघं कामणच्या खाडीतून दक्षिणेला, आत्याकडे निघालो.

मी वल्हं मागितलं. बाबा म्हणाले, "तुजं हत्यार पाटावर पुजलंय ना? तू फकस्त पानी बघ."

मुलगा-मुलगी सारखीच, हे मी चार वर्षं त्यांना ऐकवत होते. त्यांनी ते मानलं, पण सुनेच्या बाबतीत.

वळणावर ओहोटीने वर आलेला गाळ मला दिसला. मी बोलले नाही. होडी रुतली. वहिनी साडी खोचून मांडीभर चिखलात उतरली आणि वल्हं माझ्या हातात देत हसली, "धरा ताई, आता बाबा कसे नाही म्हणतील?"

तिने ढकलून होडी मोकळी केली, आणि ते वल्हं मी आत्याच्या धक्क्यापर्यंत सोडलं नाही.

बाबा तुला फोनवर सांगतील, रोशनीने होडी रुतवली. तीही हो म्हणेल. पण दादा, पाणी बघायचं काम माझं होतं.

हे तुला पाठवायचं धाडस नसलेली,
तेजल