रॅकची चाकं

४ जून
पोरीने गिटारसाठी रॅक आणलाय. म्हणजे खाली चाकं लावलेलं लोखंडी कपाट. त्यात इफेक्टचे डबे बसवायचे आणि एकातून दुसऱ्यात वायरी फिरवायच्या. कोणी एक्सपर्ट आधी ड्रॉइंग काढणार, मग जोडणार म्हणे. माझी उभी हयात वायरिंगमध्ये गेली, एकदाही ड्रॉइंग काढलं नाही. मी करतो म्हटलं. दोन संध्याकाळचं काम.

वीस तारखेला तिचा दुसऱ्या शहरात शो आहे. नंतर बँडबरोबर तिकडेच खोली घेऊन राहायचं म्हणते. राहू दे. मला काय फरक पडतो.

७ जून
डबे बसवले. एक डबा वाजवलेलं परत परत वाजवतो, एक विहिरीत ओरडल्यासारखं करतो, एक आवाज फाडतो. लोक माझ्याकडे रेडिओचा फाटका आवाज दुरुस्त करायला यायचे. आमची पोरगी तो विकत आणते.

वायरी सैल ठेवा, डबे बाहेर ओढता आले पाहिजेत, असं ती सांगून गेली होती. सैल वायर आळशी माणूस ठेवतो. सगळ्या मापात कापल्या. तिची आई म्हणाली, तिला विचारलंत का. विचारत बसलं की काम राहतं.

१० जून
चालू केला तर नुसता घूंऽऽ. पोरगी म्हणाली, बाबा, करंटची वायर आणि आवाजाची वायर एकत्र बांधली की असं होतं. मला वायरिंग शिकवते! बिल्डिंगचं अर्थिंग बाद आहे, असं ठणकावून सांगितलं. ती प्रॅक्टिसला गेल्यावर बंडल सोडलं, वायरी वेगळ्या केल्या. घूं बंद. बिल्डिंगवाल्यांनी अर्थिंग सुधारलेलं दिसतंय.

१३ जून
स्क्रू पिळायला गेलं की रॅक पळतो. चाकांचा ताप. काढून टाकली. भिंतीला ड्रिल मारून रॅक बोल्टने आवळला. प्लगही काढला, प्लग आला की लूज कनेक्शन आलंच. मेन बोर्डावरून थेट लाइन, पाइपातून. आता हत्ती लावला तरी हलायचा नाही.

तिची आई दारात येऊन उभी. अहो, हा तिला न्यायचाय ना? म्हटलं, एवढं पक्कं काम बघितल्यावर नेईल कशाला? ज्यांना ऐकायचंय ते इथे येतील. सोफा भिंतीला सरकवला तर बरीच माणसं मावतात.

१६ जून
पोरीने वाजवून बघितलं. एकदम शांत आहे म्हणाली. जेवण निवलं तरी उठेना. किती दिवसांनी घरात अशी बसली. चाकं कुठायत, विचारलं. तेल द्यायला काढलीत म्हटलं. खोटं नाही, दिलं होतं तेल. बोल्टचं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१९ जून
त्यांचा ड्रमवाला टेम्पो घेऊन आला. रॅकला हिसका दिला. प्लास्टर हातात आलं, रॅक जागचा हलला नाही. मला बरं वाटलं. पोरीने मागे टॉर्च मारला. बोल्टवरून पाइपावर फिरवला.

"न्यायचा होता तर नीट सांगायचं," मी म्हटलं.

"रॅकला चाकं होती, बाबा. अजून काय सांगायचं?"

ओरडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ओरडली नाही. गिटार घेतली, एक लांब वायर घेतली, आईला मिठी मारली, टेम्पोत बसली. मी बोल्ट तपासले. एकही ढिला नाही.

२१ जून
तिच्या आईच्या फोनवर शोचा व्हिडिओ आला. गिटार थेट अॅम्प्लिफायरमध्ये खुपसून वाजवली. इफेक्ट एकही नाही. तरी लोक उभे राहून टाळ्या पिटतायत. हल्ली लोकांना कान नाहीत. तिची आई भाजी चिरायला गेल्यावर मी परत लावला, चुका काढायला. सापडल्या नाहीत. फोनचा स्पीकर लहान असतो.

२८ जून
पोरीचा फोन आला, तिच्या आईला. खोली मिळाली. बाबांना सांग, रॅक राहू दे तिथेच, मी नवा जमवेन. ठरवलं होतं, माझ्याशी बोलली की चूक कोणाची ते शांतपणे समजावून सांगायचं. फोन माझ्यापर्यंत आला नाही.

५ जुलै
रोज संध्याकाळी रॅक चालू करून बघतो. सगळे दिवे लागतात. घूं अजिबात नाही. इतकं शांत काम मी जन्मात केलं नव्हतं.

चाकांना परत तेल दिलं. गंज धरू नये म्हणून. बाकी काही नाही.