झिंग्याच्या मिशा

३ नोव्हेंबर
ठरलं. गावं बदलणं बंद. ऑस्ट्रेलियातल्या या वारंगुला गावच्या कौन्सिलला चिकटायचं, परमनंट व्हायचं. काम सोपं: हायवेवर उभारलेल्या झिंग्याच्या तीन मजली पुतळ्याला रंग देणे. मेयर टेरी म्हणाला, लेका, शेजारच्या गावानं घराएवढं कलिंगड बांधलं, आपण काय मेलोय? टूरिस्ट थांबतील. झोपायला गावच्या स्विमिंग पूलची पंपखोली. पूल सांभाळणारी नोएलीनबाई म्हणाली, राहा, पण फिल्टर रोज साफ करायचा.

५ नोव्हेंबर
रंग दिला नाही. आधी जिवंत झिंगा बघणं गरजेचं वाटलं. दिवसभर बंधाऱ्यावर, दोरीला मटणाचा तुकडा बांधून. बरेच सापडले. खाल्ले. अभ्यास असा: जिवंत झिंगा मातकट, उकडल्यावर तांबडा. टेरीला तांबडाच हवाय. म्हणजे आपला झिंगा शिजलेला आहे. कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. फिल्टर उद्या.

१० नोव्हेंबर
नोएलीनबाई तापली. म्हणे झिंगा पाणी-गटाराच्या राखीव फंडातून बांधलाय, त्या फंडाला कायद्यानं हात लावता येत नाही. मी समजावलं, या खिशातून त्या खिशात, पँट तीच ना. ती म्हणाली, पँट भाड्याची आहे, शहाण्या. पोरांच्या शर्यती बावीसला. वर्षभर त्यांच्याकडून तयारी करून घेतलीय तिनं. पूल बंद पडेल म्हणून धास्तावलीय. मी शब्द दिला: शर्यती होणार. आणि मिशा तेवढ्या राहिल्यात, त्या उद्या.

१४ नोव्हेंबर
गटाराचा मोठा पंप जळला. दुरुस्तीला पैसे नाहीत. मेन रोडवर वास. टूरिस्ट थांबत नाहीत, काचा वर करून जातात. पगार झाला नाही. टेरी म्हणाला, भरती-ओहोटी चालायचीच. समुद्र इथून दहा तासांवर आहे.

१७ नोव्हेंबर
आयडिया! पबमध्ये दर शुक्रवारी मटणाच्या ताटाची सोडत असते. या शुक्रवारची पूलसाठी, माझ्याकडून. ताट घ्यायला भांडवल: नोएलीनबाईचा डबा. शर्यतींनंतर पोरांना आइस्क्रीम द्यायचे पैसे आहेत त्यात. नुसते पडून. तिला सांगितलं नाही. शनिवारी दुप्पट करून ठेवीन.

२१ नोव्हेंबर
वैताग. आजच सिडनीहून प्रशासक यायचा होता? मेयर, नगरसेवक, सगळ्यांना त्यानं पदावरून काढलं. अख्खं गाव हॉलमध्ये टेरीला शिव्या घालायला. पबमध्ये मी आणि ताट. तिकिटं तीन खपली, तिन्ही मीच घेतली. बक्षीस मलाच. चला, नशीब पालटतंय.

२२ नोव्हेंबर
पूलला प्रशासकाचं कुलूप. नोएलीनबाईनं शर्यती घेतल्याच. पोरं गवतावर रांगेनं पालथी, बाई शिट्टी वाजवतेय, पोरं हातपाय मारतायत. एक पोरगी तर श्वास घ्यायला मान वळवत होती. शेवटी बाईनं डबा मागितला. मी मटण पुढे केलं. म्हटलं, या खिशातून त्या खिशात... ती वळून पोरांचे टॉवेल गोळा करायला लागली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुपारी प्रशासकानं काम दिलं. झिंग्याच्या पायाशी पाटी रंगवायची: विकणे आहे. पगाराचं विचारलं तर म्हणाला, थकबाकीच्या रांगेत आहात. मिशांचं त्यानं विचारलंच नाही.

बॅग भरली. नोएलीनबाई कुंपणापाशी उभी होती. म्हणाली, जाताना निदान डबा ठेवून जा.

ठेवला. रिकामा डबा फार वाजतो.