पाण्याचं वजन

अहो,

इकडची काळजी नको. लेक हिंडूफिरू लागली, बाळ दूध पिऊन गाढ झोपतं. आता तुमच्याकडे वळते.

भात कच्चा राहतो म्हणून माझ्या मापाला नावं ठेवलीत! एका वाटीला दोन वाट्या पाणी, एवढंच सांगून निघाले होते. पण तुम्ही पडलात दुकानदार. तांदळाची वाटी तोलली, ती दीडशे ग्रॅम भरली, म्हणून पाण्याचीही दीडशेच धरून पाणी तोलून घातलंत. पाणी कुणी तोलतं का हो? लेकीच्या काट्यावर मी तेवढ्याच वाटीभर पाणी तोललं, तर एकशे ऐंशी ग्रॅम! मग भात कच्चा राहील नाहीतर काय? उभा जन्म तराजूमागे गेला तुमचा, कपाळ माझं!

उद्यापासून तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने घ्या. दात दुखतो म्हणता, तो या भातानेच ना? की दाखवायला जायचं टाळताय?

आणि रोज तीनशे ग्रॅम तांदूळ कशाला? म्हणजे दोन वाट्या झाल्या. त्यातली एक माझी असते. मी येईपर्यंत ती डब्यातच राहू द्या.

रागात लिहिलंय, तरी जेवून घ्या.

तुमचीच